उन्हाळ्यात येणारा हिटरचा कोड: युरिया सिस्टिमची वायरिंग मी कशी तपासतो

एप्रिलमध्ये भर दुपारी पिंपळगावहून आलेली चौदा टायरची गाडी आडगावला माझ्या दुकानासमोर लागली. चेक लाइट चालू, युरियाचा दिवाही चालू. स्कॅनर लावला, तर कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, निघाला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाइपाच्या हिटरचा. मालक स्वतः गाडीबरोबर होते. म्हणाले, "दादा, इथं डांबर पाघळतंय आणि गाडी म्हणतीये हिटर चालत नाही. खोटा कोड आहे, उडवून द्या."

कोड खरा होता. उडवला असता तर गाडी ओझरपर्यंत जायच्या आत परत आला असता. घरचा गिझर आपण उन्हाळ्यात लावत नाही, पण त्याची वायर तुटलेली असेल तर ती मे महिन्यातही तुटलेलीच असते. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बाहेर थंडी आहे की नाही हे बघून हिटर तापवतो, मात्र हिटरचं सर्किट शाबूत आहे का हे तो बारा महिने बघतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू झालं की क्षणभर करंट सोडून बघतो, किंवा नुसत्या व्होल्टेजवरून ओळखतो. म्हणून हा कोड नाशिकलाही येतो, सोलापूरलाही येतो. दुर्लक्ष केलं तर काही गाड्यांत फक्त दिवा लागून राहतो, काहींत पुढे गाडी ताकद सोडते आणि कसारा घाटात रडवते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचा नवा नियम, आला आणि आम्हा वायरमन लोकांच्या कामात हा नवा भाग आला. तोवर गाडीत वायर म्हणजे लाइट, स्टार्टर, अल्टरनेटर आणि थोडंफार सेन्सरचं काम. आता मोठ्या गाडीत युरियाची टाकी आहे, पंप आहे, धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये त्या युरियाचा फवारा मारणारा डोझर आहे आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप आहेत. ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ते उणे ११ अंशांना गोठतं आणि गोठताना साधारण ७ टक्के फुगतं. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरला की पेपरात बातमी येते, म्हणजे आपल्याकडे ते गोठायचा प्रश्नच नाही. पण आपल्या गाड्या आपल्याकडेच राहत नाहीत. कांदा, द्राक्षं घेऊन त्या काश्मीरपर्यंत जातात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण त्यानंतर मी हे काम मन लावून शिकलो. माझ्या ओळखीच्या एका मालकाच्या गाडीला हाच कोड यायचा. कुणीतरी हिटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा सॉकेट, काढून हिटरच्या जागी नुसता करंट ओढणारा एक रेझिस्टर बसवून दिला. ईसीएमला करंट वाहताना दिसला, कोड गेला, सगळे खूश. जानेवारीत ती गाडी सोनमर्गला लोखंड घेऊन गेली. रात्री टाकी आणि पाइप गोठले. सकाळी टाकी इंजिनच्या गरम कूलंटने वितळली, पण पाइपातला बर्फ तसाच राहिला, कारण त्याला तापवायला काही उरलंच नव्हतं. डोझरला युरिया मिळेना, गाडीने ताकद सोडली, ड्रायव्हर दोन दिवस त्या थंडीत बसून. घरी त्याचं लहान लेकरू होतं. तेव्हापासून माझ्या दुकानात रेझिस्टर बसवत नाही आणि ईसीएमला फसवून युरिया बंद करणारा डबाही बसवत नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय त्या गाडीमागे स्कूटरवर जाणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. माझी मुलगी त्याच रस्त्याने शाळेत जाते.

आता कामाचं.

आधी सर्किट डोक्यात उभं करा. मी बघतो त्या बहुतेक २४ व्होल्टच्या गाड्यांत दोन वेगळ्या गोष्टींना "हिटर" म्हणतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. टाकी तापते इंजिनच्या गरम कूलंटवर. तिथे वायरचं काम एवढंच, की कूलंटचा व्हॉल्व्ह उघडणारी एक कॉइल. पाइप मात्र विजेवर तापतात: टाकीकडून पंपाकडे ओढणारा, पंपाकडून डोझरकडे दाबाने नेणारा, आणि उरलेलं टाकीत परत सोडणारा. प्रत्येक पाइपाभोवती तापणारी तार असते आणि वरून काळं जाळीदार कव्हर. पंपाच्या आतही बहुधा एक हिटर असतं. या सगळ्यांना प्लस एका रिलेतून, एका फ्यूजमधून मिळतो, आणि प्रत्येकाची दुसरी वायर ईसीएमकडे जाते. ईसीएम ती अर्थला जोडतो तेव्हा हिटर चालू. तुमच्या गाडीत थोडा फरक असेल, म्हणून तिचा वायरिंग डायग्राम मिळवाच. डायग्रामशिवाय हे काम म्हणजे अंधारात सुई शोधणं.

मग कोड नीट वाचा. "युरिया हिटर" एवढंच वाचून पाइप मागवू नका. मोठ्या गाड्यांत दोन आकडे येतात, एसपीएन (कोणता भाग) आणि एफएमआय (कसला बिघाड). एसपीएन ३३६३ म्हणजे टाकीचं हिटर. ४३५४ ते ४३५७ म्हणजे पाइपांचे हिटर, एक ते चार. ५४९१ पाइप हिटरचा रिले आणि ५७४५ डोझिंग युनिटचं हिटर. यातला "एक नंबर" कोणता पाइप हे कंपनीनुसार बदलतं, ते डायग्रामवरूनच घ्यायचं. खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. एफएमआय ५ म्हणजे करंट वाहत नाही, सर्किट कुठेतरी तुटलंय. ३ म्हणजे वायरला प्लस लागलाय किंवा व्होल्टेज जास्त. ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा वायर अर्थला टेकलीये. ६ म्हणजे करंट जास्त. पिकअप आणि छोट्या गाड्यांत पी२०बी९ दिसला तर पहिल्या हिटरचं सर्किट ओपन, पी२०बीबी म्हणजे लो, पी२०बीसी म्हणजे हाय.

आता मोजा, कोड किती आलेत. तीनही पाइपांचे एकदम एफएमआय ५ आले तर तीन पाइप एका दिवशी मेले असं कधी होत नाही. जे तिघांत सामाईक आहे तिकडे जा: फ्यूज, रिले, त्यांचा एकत्र कपलर. एकच आला तर त्या एका पाइपाच्या दोन वायरी आणि तो पाइप, एवढंच मैदान. हा विचार करायला दोन मिनिटं लागतात आणि निम्मं काम संपतं.

फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हे शोधल्याशिवाय नवा घालू नका, आणि मोठ्या अँपिअरचा तर मुळीच नको. एका गाडीत हा फ्यूज दर आठवड्याला उडायचा. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उकलत गेलो, तर हिटरच्या रिलेच्या वायरवरून केबिनमागच्या दोन जास्तीच्या फ्लड लाइटला करंट घेतलेला. ड्रायव्हरला रिकामी वायर वाटली होती.

पिंपळगावच्या गाडीवर एकच कोड होता, दाबाच्या पाइपाचा, एफएमआय ५. म्हणून मी थेट पाइपाकडे गेलो. मीटर हातात घ्यायच्या आधी डोळ्याने बघतो, आणि नाकानेही. चेसिसच्या कडेने पांढरी खडीसाखर जमलेली दिसली की समजायचं युरिया कुठून तरी झिरपतोय. वायर टायरकडे घासलीये का, कव्हर उंदराने कुरतडलंय का, वॉशिंग सेंटरवाल्याने प्रेशरचं पाणी कपलरवर मारलंय का, ते बघा. गाडी आठ दिवस उभी होती का, हे ड्रायव्हरला विचारा. उभ्या गाडीत उंदीर हमखास येतो.

युरियाची एक खोड माहीत असू द्या. तो तांब्याला खातो आणि वायरीतून चालत जातो. दिव्याची वात तेल ओढते तशा वायरीच्या बारीक तारा त्याला आवरणाच्या आतून ओढतात. त्यामुळे गळती पंपापाशी असते आणि हिरवा पडलेला पिन दोन-तीन फूट लांबच्या कपलरमध्ये सापडतो. वरून वायर नवी दिसते, दाबली की आत कुरकुरते. या गाडीत तेच होतं. पाइपाचा कपलर उघडला, सील बाजूला झालेलं, एका पिनावर पांढरा थर आणि त्याखाली हिरवा रंग.

पण हिरवं दिसलं म्हणजे दोष तिथेच, असं मी धरत नाही. मोजूनच ठरवतो.

कपलर काढून पाइपाच्या बाजूच्या दोन पिनांवर ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते बघा आणि ते वजा करा, कारण इथे रीडिंग छोटं असतं. किती यायला हवं हे गाडीच्या पुस्तकातून घ्या. पुस्तक नसेल तर हिशेब करा: ४८ वॉटचं हिटर २४ व्होल्टवर २ अँपिअर ओढेल, म्हणजे १२ ओहम. हा नुसता हिशेबाचा नमुना, तुमच्या पाइपाचे वॉट वेगळे असतील. काही हिटर गरम झाले की त्यांचा ओहम वाढतो, म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर पाइपातली तार तुटली. मग एक पिन आणि चेसिस यांच्यात मोजा. तिथे काहीच दिसायला नको. दिसलं तर तार कव्हर फोडून कुठेतरी अर्थ होतेय. या गाडीचा पाइप अगदी व्यवस्थित निघाला. मालक डीलरकडे गेले असते तर पाइप बदलून कोड तसाच राहिला असता, आणि तो पाइप काही स्वस्त येत नाही.

दोन पाइपांचे कपलर आणि हिटर सारखेच असतील तर आणखी सोपं आहे. कपलर आपसांत बदला, कोड पुसा, गाडी चालू करा. कोड पाइपाबरोबर गेला तर पाइप खराब. कोड जिथल्या तिथे राहिला तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये. मात्र नंतर कपलर आठवणीने परत जागेवर लावा. एकदा माझ्याआधी कुणीतरी ते उलटे सोडले होते. कोड एका पाइपाचा आणि दोष दुसऱ्याचा, त्यात माझा अख्खा दिवस गेला.

आता गाडीच्या बाजूची वायर. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, मीही वर्षभर केल्या. आपण मीटर लावतो, २४ व्होल्ट दिसतात आणि म्हणतो, "इनकमिंग ओके." पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एक जरी शिल्लक असेल तरी मीटरला पूर्ण २४ दिसतात. समजा गंजलेल्या पिनात ५ ओहम अडकलेत. मीटरला ते दिसत नाहीत. पण १२ ओहमचं हिटर लावलं की एकूण १७ ओहम होतात, करंट १.४ अँपिअरवर येतो आणि सात व्होल्ट त्या पिनातच जळतात. नळाला तोटी बंद असताना प्रेशर छानच असतं, पाणी किती येतं ते तोटी सोडल्यावर कळतं.

म्हणून भार द्या. २४ व्होल्टचा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन लांब वायरी जोडा. तो आधी थेट बॅटरीवर लावून किती उजेड देतो ते डोळ्यात साठवा. मग हिटरचा कपलर काढलेला असताना, स्कॅनरने रिले चालू करून बल्बाची एक वायर गाडीच्या बाजूच्या प्लस पिनवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. तेवढाच उजेड हवा. मंद लागला तर बल्ब लागलेला असतानाच मीटर बॅटरीच्या प्लसपासून त्या पिनपर्यंत लावा. अर्धा व्होल्ट दिसला तर चालेल, तीन-चार व्होल्ट दिसले तर वाटेत कुठेतरी खातंय. फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, रिलेच्या नंतर असं एकेक टप्पा पुढे सरका. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष.

ईसीएमकडे जाणारी वायरही अशीच तपासायची, पण तिथे हात जपून. किल्ली बंद, बॅटरी काढलेली, ईसीएमचा कपलर उतरवलेला. ईसीएमच्या टोकाला ती वायर अर्थला जोडा, मग बॅटरी लावून हिटरच्या टोकाला बल्बामार्फत प्लस द्या. उजेड पूर्ण आला तर वायर ठीक. ईसीएम जोडलेला असताना त्याच्या पिनांवर टेस्ट लॅम्प टोचत फिरू नका, आतला हिटर चालू-बंद करणारा भाग जळाला तर बिल पाइपाच्या कितीतरी पट येतं. आणि पिनांत जाड सुई कधीच घालू नका. मादी पिन फाकते, आज कोड जातो आणि महिन्याभराने खड्ड्यात गाडी आदळली की परत येतो. माझ्या भाच्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं: जुन्या कपलरचा पिन घे, त्याच मापाचा, त्याला वायर लाव आणि त्यानेच मोज.

पिंपळगावच्या गाडीत प्लसची बाजू स्वच्छ निघाली. ईसीएमकडे जाणाऱ्या वायरवर बल्ब लालसर, निखाऱ्यासारखा लागला. वायर हलवली की कमी-जास्त. मीटरवर मात्र तीच वायर सकाळी शाबूत दिसली होती.

दुरुस्ती करताना घाई नको. युरियाचे खडे कॉन्टॅक्ट क्लीनरने जात नाहीत, कोमट पाण्याने विरघळतात. कपलर पाण्याने धुवा, हवा मारा, पूर्ण सुकू द्या. हिरवा झालेला पिन घासून परत लावू नका, बदला. वायर मागे कापत जा, जोवर आतलं तांबं लखलखीत दिसत नाही तोवर. इथे मला जवळपास वीतभर कापावी लागली. नवा तुकडा क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) जोडा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसतं पिळून टेप गुंडाळणं या जागी चालत नाही, टेपखाली युरिया शांतपणे पुढे सरकत राहतो. कपलरचं सील नवं घाला. मुख्य म्हणजे युरिया कुठून झिरपत होता ते बंद करा. या गाडीत पंपाच्या तोंडाशी पाइपाचा क्लिप अर्धाच बसला होता. ती गळती सोडून नुसती वायर जोडली असती तर पावसाळ्यानंतर मालक परत आले असते. पाइपातली तापणारी तार मात्र मधे जोडता येत नाही, ती तुटली तर पाइपच बदलायचा. आणि पाइप रिकामा असताना हिटरला बॅटरीतून थेट करंट देऊन "तापतंय का" बघत बसू नका, पाइप वितळतो.

टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल थोडं. त्याच्या कॉइलचं सर्किट याच पद्धतीने तपासायचं, पण आपल्या हवेत त्याचा खरा त्रास उलटा आहे. तो उघडा अडकला की उन्हाळ्यात इंजिनचं गरम कूलंट दिवसभर टाकीतून फिरतं. युरिया तापतो, बिघडतो, अमोनियाचा उग्र वास येतो. इंजिन गरम असताना व्हॉल्व्हच्या पुढचा, टाकीकडे जाणारा होज सांभाळून हाताने बघा. बाहेर पस्तीस अंश असताना तो होज चटका देत असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी देऊ नका. स्कॅनरमध्ये हिटरची टेस्ट असते, ती लावा आणि डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर वायरीवर टाका. करंट वाहताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग गाडी चालवून आणा, बंद करा, पुन्हा चालू करा. काही गाड्या दोन-तीन वेळा चालू-बंद झाल्यावरच दिवा विझवतात.

आणि ड्रायव्हरला एक गोष्ट सांगूनच गाडी सोडा. किल्ली बंद केल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटं चालत राहतो, पाइपातला युरिया टाकीत ओढून घेतो. त्याआधीच बॅटरीचा कटऑफ, म्हणजे मुख्य स्विच, फिरवला तर युरिया पाइपात राहतो. आपल्याकडे तो सुकून खडे करतो, सोनमर्गला गोठून पाइप फाडतो. पिंपळगावच्या त्या ड्रायव्हरला हे कुणी सांगितलंच नव्हतं, तो उतरता उतरता कटऑफ फिरवायचा. आता दुकानावर आला की किल्ली काढतो, खाली उतरून टायरांवर हातोडी मारत एक फेरी घालतो, पंपाचा आवाज थांबल्यावरच कटऑफला हात लावतो.